मदत हवी आहे: एकाच घरातल्या चौघांचं योग्य वजन किती असावं?

पुडाची_वडी

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी आमच्या सोसायटीत (मनीष नगर, नागपूर) आरोग्य शिबिर झालं. यंत्रावर उभं राहायचं, उंची-वय सांगायचं, की बीएमआयची (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) चिठ्ठी बाहेर. घरचे चौघंही उभे राहिलो आणि तेव्हापासून घरात शांतता नाही. आकडे देते, जाणकारांनी सांगावं.

नवरा: वय ४४, उंची १७० सेंमी, वजन ६८ किलो, बीएमआय २३.५. चिठ्ठीवर 'नॉर्मल'. स्वारी खूश, दुसऱ्याच दिवशी पोह्यांवर दोनदा तर्री. हातपाय बारीक आहेत, पोट मात्र शर्टाच्या बटणांना ऐकत नाही. सासरे शुगरचे पेशंट होते.

मी: वय ४१, १५८ सेंमी, ६३ किलो, २५.२. 'ओव्हरवेट'. रोज सकाळी चालते, बीपी-शुगर ठीक. तिथल्या जिमवाल्या पोराने "मॅडम, उंचीतून ११० वजा करायचे" म्हणत ४८ किलोचं टार्गेट आणि पॅकेजचा दर दोन्ही लिहून दिलं. मी लग्नातही ४८ नव्हते.

मुलगी: वय १२, १५० सेंमी, ३९ किलो, १७.३. 'अंडरवेट'. चिठ्ठी वाचून आतेसासूबाईंनी प्रोटीन पावडर सुचवली, शेजारणीने शतावरी कल्प. पोरगी रडून मोकळी.

सासूबाई: वय ७१, १५० सेंमी, ५० किलो, २२.२. 'नॉर्मल'. घरात पहिला नंबर त्यांचाच. दिवाळीत ५६ होत्या, काही न करता उतरल्या. भिशीतल्या बायका विचारतात, काकू कोणतं डाएट?

चौघांना एकच तक्ता लावायचा असतो का? कुठे २३ लिहिलेलं दिसतं, कुठे २५, खरं कोणतं? आणि मी ४८ वर यायलाच हवं का?

तर्री_जास्त

काहून टेन्शन घेता ताई? आमच्या आज्याले कुठं माहीत होता बीएमआय? नव्वदीपर्यंत शेतात गेला माणूस. भाऊजींले खाऊ द्या ना बाप्पा, नॉर्मल हाये म्हणते ना मशीन!

अंबाझरीकर

तर्रीभाऊ, आजोबा शेतात जात होते, यांचा नवरा बहुतेक मिहानच्या एखाद्या कंपनीत एसीत बसत असेल. फरक तिथेच आहे.

ताई, २३ आणि २५ दोन्ही खरे आहेत, पण वेगवेगळ्या लोकांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण तक्त्यात १८.५ ते २४.९ योग्य, २५ पासून वजन जास्त आणि ३० पासून लठ्ठपणा. शिबिरातलं यंत्र हेच वापरतंय. पण आशियाई लोकांना बऱ्याच कमी बीएमआयला मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून २००४ मध्ये संघटनेच्याच तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावधगिरीचे टप्पे सुचवले. भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये एकमताने जे निकष ठरवले त्यात २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. म्हणजे भाऊजी आपल्या हिशोबात 'नॉर्मल' नाहीतच.

यामागची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबी, स्नायू कमी. आपल्याकडची ही ठेवण जन्मापासूनच दिसते, हे याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या अभ्यासातून पुढे आलं.

तेव्हा आधी टेप काढा आणि कंबर मोजा. पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाखाली घालतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता.

पुडाची_वडी

मोजली. त्यांची ९८ सेंमी (तीनदा मोजायला लावली, तीनदा तेवढीच). माझी ७८.

अंबाझरीकर

भारतीय पुरुषाला ९० आणि बाईला ८० ही मर्यादा. शिवाय सोपा हिशोब म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. त्यांची ८५ च्या आत हवी होती, तुमची ७९ च्या आत आहे. घरात तर्री कोणाची बंद व्हायला पाहिजे ते ठरवा. 😄

सीताबर्डी_एक्सप्रेस

पण हैदराबादच्या पोषण संस्थेने बाईचं आदर्श वजन ५५ आणि पुरुषाचं ६५ सांगितलंय ना? पेपरात वाचलं होतं. मग एवढी भानगड कशाला?

ओपीडी_नंतर

मी फॅमिली फिजिशियन, धंतोलीत. सीताबर्डी, ते ५५ आणि ६५ आदर्श वजन नव्हे. कोणाला किती प्रथिनं, किती ऊर्जा लागते याचं गणित मांडायला एक 'संदर्भ' माणूस लागतो, त्याचं ते वजन. पुरुषाचं पूर्वी ६० होतं, २०२० मध्ये ६५ केलं. तुमची उंची साडेपाच फूट असो की पावणेपाच, सगळ्यांनी ५५ व्हा, असा त्याचा अर्थ नाही.

पण ताई, मी लिहायला बसलो ते सासूबाईंसाठी. तुम्ही चार ओळींत उरकलंत, तिथेच माझं लक्ष अडकलं. ५६ वरून ५०, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त, तेही काही न करता. सहा महिने ते वर्षभरात विनाकारण पाच टक्के वजन उतरलं तरी आम्ही कारण शोधतो. त्यांचा बीएमआय आज सुंदर आहे, पण बीएमआय फक्त आजचा फोटो दाखवतो. वजन कुठून कुठे आलं ते त्यात दिसत नाही.

भूक कशी आहे? गिळायला त्रास? दात? खोकला, संध्याकाळचा ताप? शुगरची किंवा दुसरी कोणती गोळी नवीन सुरू झाली का? मन उदास असतं का, एकट्या बसतात का? थायरॉइड वाढलेला असू शकतो, मधुमेह, क्षयरोग, पोटाचे आजार, क्वचित कॅन्सरही. घाबरवत नाही, बऱ्याचदा कारण साधं निघतं, पण तपासल्याशिवाय कळत नाही. या आठवड्यातच दाखवा.

आणि या वयात 'बारीक झाल्या' हे कौतुक मला अजिबात आवडत नाही. म्हातारपणी उतरतं त्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो, आणि स्नायू गेले की माणूस पडतो, मांडीचं हाड मोडतं, अंथरुणाला खिळतो. सत्तरीनंतर बीएमआय २४-२५ असला तर मी कोणाला वजन उतरवायला सांगत नाही. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठता येतं का, ते बघतो.

गोळाभात

सध्या ४५ डिग्रीत कोणाला जेवण जातंय डॉक्टर? माझी आईही उन्हाळ्यात दोन किलो उतरते.

ओपीडी_नंतर

उन्हाने भूक मरते, पाणी कमी पडतं, मान्य. पण सहा किलो, दिवाळीपासून. नागपूरच्या उन्हावर सगळं ढकलता येत नाही.

शाळेतली_मॅडम

मुलीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मोठ्यांचा १८.५ चा आकडा बारा वर्षांच्या मुलीला लावणं ही चूकच. वाढत्या वयात बीएमआय दर वर्षी बदलतो, म्हणून मुलांना वय आणि मुलगा-मुलगी पाहून तक्ता लावतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांसाठी आपल्या मुलांचे तक्ते काढलेत, कोणत्याही बालरोगतज्ज्ञाकडे असतात. त्यात १२ वर्षांच्या मुलीला १७.३ म्हणजे अगदी मधली रेघ. पावडर नको. तिची पाळी सुरू झाली का, उंची वाढतेय का, खेळते का, हे बघा. आणि कृपा करून तिच्यासमोर वजनाचा विषय काढू नका, स्वतःच्याही नाही. आठवी-नववीच्या मुली अर्धा डबा परत नेतात, ते मी रोज बघते.

कबड्डी_कॉर्नर

माझा बीएमआय २६.४. १७२ सेंमी, ७८ किलो, कंबर ८२. अजून मॅटवर उतरतो. मलाही शिबिरात जाड ठरवतात. यंत्राला मांडी आणि पोट यातला फरक कळत नाही.

पुडाची_वडी

सगळ्यांचे आभार. मुलीला रात्रीच मॅडमचं उत्तर वाचून दाखवलं, आत्यांनाही फॉरवर्ड केलं. माझ्या ४८ चं काय ते सांगा ना कोणी!

ओपीडी_नंतर

तुमच्या उंचीला भारतीय निकषाने साधारण ४६ ते ५७ किलो चालतं. ४८ त्यात बसतं, पण अगदी तळाशी. वजाबाकीचं ते सूत्र एकोणिसाव्या शतकातलं आहे, त्यावर पॅकेज विकू नये. तुमची कंबर आवाक्यात आहे, चालता, रिपोर्ट चांगले आहेत. तरी २५ च्या वर आपल्याकडे दुर्लक्ष करू नये, तेव्हा आधी तीन किलो कमी करा आणि तिथे वर्षभर टिका. पाच टक्क्यांनीही बीपी-शुगरला फरक पडतो. पुढचं पुढे. फक्त चालणं पुरणार नाही, आठवड्यातून दोनदा वजन उचलायचे व्यायाम हवेत. चाळिशीनंतर बायकांचे स्नायू आणि हाडं दोन्ही झिजायला लागतात.

मिस्टरांची उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे) करून घ्या. वडिलांना मधुमेह आणि कंबर ९८, एवढं मला पुरे आहे.

पुडाची_वडी

अपडेट देते. आईंना (सासूबाईंना) काल दाखवलं. थायरॉइड, शुगर, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी लिहून दिली आहे, रिपोर्ट गुरुवारी. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं तर कवळी सैल! भाकर, पोळी चावतच नव्हती. कित्येक महिने पातळ वरण-भातावर भागवत होत्या, वर "मला आता जड जेवण सोसत नाही" म्हणायच्या. आम्हाला वाटलं वयाने आहार कमी झाला असेल. विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हाला कशाला खर्चात पाडू?"

यांची शुगरही उद्या सकाळी. आज रात्री उपाशी राहायचं म्हणून संध्याकाळीच सावजीला जाऊन यायचा बेत होता, तो मी हाणून पाडला.

ओपीडी_नंतर

छान केलंत. पण कवळी सापडली म्हणून बाकीच्या तपासण्या रद्द करू नका, दोन कारणं एकदम असू शकतात. तोवर वरण घट्ट करा, दही, पनीर, चालत असेल तर उकडलेलं अंडं, मऊ मुगाचं धिरडं. किडनीचा त्रास नसेल तर या वयात किलोमागे रोज एक ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं लागतात, त्यांना ५० ते ६० ग्रॅम. आणि दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा.

पुडाची_वडी

लिहिते. नवीन कवळी कुठे करावी? खासगीत एकाने सांगितलेला दर ऐकून आई परत "राहू दे" म्हणायला लागल्या.

गोळाभात

मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, माझ्या आईची कवळी तिथेच झाली. खासगीपेक्षा पुष्कळ स्वस्तात, पण मापासाठी आणि बसवण्यासाठी पाच-सहा चकरा होतात. आधार कार्ड आणि जुनी कवळी सोबत ठेवा. सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत नंबर लागेल.