बोडीच्या काठावर जलधनिया: बी किती खोल टाकायचं?

धानबांधी: दिवाळीनंतर बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी ओसरतं आणि काठाला ६ बाय ३ फुटांचा चिखलपट्टा उरतो. तिथे पिवळ्या फुलांची जलधनिया, म्हणजे रॅननक्युलस स्केलेरेटस लावायची आहे. मात्र महिन्याभरात चिखलाला भेगा पडतात. बी किती खोल टाकू? गुरंही तिथंच पाणी पितात.

गाळपेरा: खोल टाकूच नका भाऊ. बी बारीक असतं, त्याला उजेड लागतो. वर माती बसली की उगवण गेली. चमचाभर बी मूठभर कोरड्या रेतीत मिसळून ओल्या गाळावर फोका, फळीनं हलकं दाबा. थंडी पडू लागली की पेरायचं. एप्रिलच्या उन्हात ती वाळणारच, वर्षायू आहे.

खरी अडचण भेगांची. काळी माती आकसते आणि कोवळी मुळं तुटतात. पट्टा फूटभर खणा, ताडपत्री अंथरा, तळापासून ४ बोटं वर बाजूला २-३ भोकं पाडा. मग बोडीचा गाळ ३ घमेली तर रेती १ घमेलं, या हिशेबानं भरा. मोठ्या झाडाच्या बुडाशी बोटभर पाणी चालतं, रोपं मात्र बुडू देऊ नका. युरिया अजिबात नको, नुसतं शेवाळ माजेल.

काठावरची: गुरांचं शेवटी लिहिलंत, ते आधी बघा. ओला पाला चुरगळला की प्रोटोअ‍ॅनिमोनिन नावाचं झोंबणारं द्रव्य तयार होतं: हाताला फोड, तोंडात आग. चव झोंबते म्हणून जनावर सहसा टाळतं, पण चारा नसला की खातं. मग लाळ गळते, हगवण लागते. पूर्ण वाळल्यावर झोंबणं जातं. गुरांच्या पाणवाटेपासून दूरचा काठ धरा, बोरीचे काटे लावा, उपटताना हातमोजे घाला.

आणि पान दिसतं सांबारासारखं, म्हणजे कोथिंबिरीसारखं! घरच्यांना दाखवून ठेवा. देठ जाड, पोकळ. पान चकचकीत, आणि चोळून सांबाराचा वास नाही. पण वासासाठी ते चोळत बसू नका.

धानबांधी: बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पसरेल का?

गाळपेरा: पसरेल. एकेका लांबट बोंडात शंभराच्या आसपास बिया, त्या पाण्यावर तरंगत जातात. पुढच्या सालासाठी ४-५ झाडं ठेवा, बाकीची बोंडं हिरवी असतानाच कापा.

काठावरची: गुरांचा काठ बदलता येत नसेल तर तिथे ब्राह्मी लावा. आत दीड-दोन फूट पाण्यात कुमुदिनी: पानाखाली जिथून फुलं निघतात ती गाठ देठासकट गाळात दाबून वर दगड ठेवायचा, तिथूनच मुळं फुटतात.