‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ लहान मुलांसोबत बघण्यासारखा आहे का?

रानजाई:
नमस्कार मंडळी. शनिवारी दीर-जाऊबाई मुक्कामाला येताहेत आणि रात्री सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा बेत आहे. आमचे चिरंजीव सहावीत. पन्हाळा बघून आल्यापासून त्याला खजिन्याचं असं वेड लागलंय की अंगणातली फरशी ठोकून बघत असतो, कुठे पोकळ वाजते का म्हणून. ते बघून दिरांनी ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’चा हट्ट धरलाय. पण धाकटी पहिलीत आहे आणि झुरळ दिसलं तरी घर डोक्यावर घेते. सासूबाईही असणार. त्यांना इंग्रजी कळत नाही, पण मारामारी आवडीने बघतात.

माझं म्हणणं एवढंच की सगळ्यांसमोर रिमोट धरून ‘पुढे ढकल, पुढे ढकल’ करायची वेळ येऊ नये, आणि रात्री लेकीला कुशीत घेऊन जागावं लागू नये. नेटवर कुणी म्हणतं अगदी कौटुंबिक, कुणी म्हणतं शेवटी चेहरे वितळतात. चेहरे वितळतात म्हणजे नेमकं काय?

बिनकामाचा_बाळू:
बिनधास्त बघा हो. आम्ही शाळेत असताना बघितला, काय झालं आम्हाला? हल्लीची पोरं मोबाइलवर याच्या दुप्पट बघतात.

मिरजेचा_कॅसेटवाला:
बाळू, तुला काय झालं ते आम्ही रोज इथे वाचतोच. 🙂

रानजाई, चेहरे वितळतात म्हणजे खरंच वितळतात. पण आधी माझी ओळख सांगतो, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल. मी मिरजेत बरीच वर्षं व्हिडिओ लायब्ररी चालवली. कॅसेट द्यायची, व्हीसीआर भाड्याने द्यायचा, रिवाइंड न करता आणली म्हणून वाद घालायचा, हा धंदा. घरात कोण कोण बघणार हे विचारल्याशिवाय मी कॅसेट हातात देत नसे. काही कव्हरांवर मी स्वतः चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: ‘आजी चालतील’, ‘पोरं झोपल्यावर’. ‘रेडर्स’वर ‘दहाच्या वरची पोरं’ अशी चिठ्ठी होती आणि ती आजही मी काढणार नाही.

सुरुवातच दणक्यात आहे. १९३६ साल, पेरूचं जंगल, गुहा, पाठीवर मोठाले कोळी, आणि भिंतीतून एकदम पुढे येणारं खिळ्यांत अडकलेलं प्रेत. मग तो गडगडत येणारा प्रचंड गोल दगड, जो तुमच्या मुलाला परत परत बघायचा असेल. नेपाळातल्या गुत्त्यात नायिका दारू पिण्याची शर्यत जिंकते, पाठोपाठ गोळीबार आणि आग. कैरोच्या बाजारात तलवार फिरवणाऱ्याला नायक सरळ गोळी घालतो. तिथे खरं तर लांबलचक मारामारी ठरली होती, पण नायक झालेल्या हॅरिसन फोर्डचं पोट बिघडलं होतं म्हणून ती गुंडाळली. तुमच्या सासूबाई इथे हसतील, सगळेच हसतात. नंतर एक माणूस विमानाच्या फिरत्या पंख्यात सापडतो. तो दिसत नाही, उडालेलं रक्त दिसतं.

मधे जमिनीखालच्या तळघरात सापच साप. त्यातले पुष्कळसे साप नव्हेतच, बिनपायाच्या पाली आहेत. नाग खरे होते, पण फोर्ड आणि नाग यांच्यामध्ये काच होती. जुन्या कॅसेटमध्ये त्या काचेत नागाचं प्रतिबिंब दिसायचं. मी गिऱ्हाइकांना तिथे पॉज करून दाखवत असे. नव्या प्रतींमध्ये ते पुसून टाकलंय, मजा गेली.

आता शेवट. ज्या पवित्र पेटीसाठी, म्हणजे नावातल्या ‘आर्क’साठी, सगळी धावाधाव चालते ती उघडतात, आतून भुतं निघतात आणि एका जर्मनाचा चेहरा मेणबत्तीसारखा गळतो, दुसऱ्याचं डोकं फुटतं. अमेरिकेतल्या प्रमाणपत्र मंडळाने या डोक्यापायी चित्रपटाला मोठ्यांचं प्रमाणपत्र द्यायचं म्हटलं होतं. मग निर्मात्यांनी त्या दृश्यावर ज्वाळांचा पडदा चढवला आणि ते सौम्य प्रमाणपत्रावर सुटले. गळणारा चेहरा म्हणजे जिलेटिनचा मुखवटा. त्याला उष्णता देत तो हळूहळू वितळवला, कॅमेरा मुद्दाम संथ चालवला, म्हणून पडद्यावर ते झरझर घडतं. हे मुलाला सिनेमा सुरू व्हायच्या आधी सांगा. सहावीतला पोरगा मग घाबरण्याऐवजी जिलेटिन शोधत बसतो.

पण माझा अनुभव विचाराल तर पोरं चेहऱ्यांना घाबरून रडत नाहीत. पोरं माकडासाठी रडतात. कैरोत एक गोड माकड आहे, खांद्यावर बसतं, सलाम ठोकतं. ते विषारी खजूर खाऊन मरतं. धाकटीला मी या सिनेमाला बसवणार नाही, ते सापांपेक्षा या माकडामुळे.

आणि दिरांना आधीच सांगून ठेवा, ‘हा आवडला ना, मग लगेच दुसरा लावू’ असं रात्री म्हणायचं नाही. दुसरा म्हणजे १९८४ चा ‘टेम्पल ऑफ डूम’. आमच्याकडे लोक ‘अमरीश पुरीचा इंग्रजी पिक्चर द्या’ म्हणून मागायचे. आपला माणूस इंग्रजी सिनेमात खलनायक, त्यासाठी डोक्याचा गोटा केलेला, म्हणून अख्खं कुटुंब कौतुकाने बसायचं आणि अर्ध्या तासात बायका पोरांना घेऊन आत जायच्या. जिवंत माणसाच्या छातीत हात घालून काळीज काढलंय त्यात, आणि मग तो जिवंतच खाली लाव्हात. त्या वर्षी तिकडे पालकांनी इतकी ओरड केली की १ जुलै १९८४ पासून ‘तेराखालच्यांसाठी विशेष खबरदारी’ अशी नवी पायरीच प्रमाणपत्रांत घालावी लागली. ती सुचवली कुणी, तर या सिनेमांचा दिग्दर्शक खुद्द स्पिलबर्गने!

खापरीण:
काकांच्या मुद्द्यांना जोडून. दुसऱ्या भागात राजवाड्यातली पंगत आहे: सापाच्या पोटातून निघणारी जिवंत पिल्लं, डोळे तरंगणारं सूप, माकडाचा मेंदू. हे सगळं भारतात घडतंय असं दाखवलंय आणि वर कालीमातेच्या नावाने नरबळी. पटकथेवरूनच भारत सरकारने चित्रीकरणाला परवानगी दिली नाही, म्हणून ते श्रीलंकेत कँडीजवळ झालं. मला रक्तापेक्षा ही पंगत जास्त खटकते. अकरा वर्षांच्या मुलाला ते कळण्याचं वय नाही, नुसतं ‘ईईई’ करून हसेल.

मी पुरातत्त्व शिकते, त्यामुळे पहिल्या भागाबद्दलही कुरकूर आहेच. नायक म्हणवतो पुरातत्त्वज्ञ, पण दुसऱ्यांच्या देवळातली मूर्ती उचलून पळतो आणि आपण टाळ्या वाजवतो. जमिनीवर चौकोन आखून, ब्रश घेऊन, दिवसभर उन्हात बसल्यावर आम्हाला मिळतात ती खापरं, आणि ती कुठल्या थरात मिळाली हे लिहून ठेवणं हेच खरं काम. मुलाला एवढंच विचारा की ती सोन्याची मूर्ती कुणाची. उत्तर काहीही येवो, गप्पा रंगतील.

आणि अंगणातल्या फरशीखाली काही निघालंच तर सांगते, १८७८ चा निखात निधी कायदा आहे आपल्याकडे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, असं त्यात लिहिलंय.

रानजाई:
😂 दहा रुपयांचं त्याला सांगितलं, तर आता म्हणतो नऊ रुपयांचं शोधतो.

दोघांचेही आभार. धाकटीचं काय करू पण? ‘तू आत जा’ म्हटलं की ती हमखास दाराआडून बघणार.

पोरांची_मावशी:
तिच्यासाठी दुपारी ‘टिनटिन’ लावा, २०११ चा, ‘रेडर्स’वाल्याच दिग्दर्शकाचा. जहाजांच्या तीन छोट्या प्रतिकृती, प्रत्येकीच्या डोलकाठीत लपवलेली चिठ्ठी, तिन्ही जोडल्या की खजिन्याचा पत्ता. पिस्तुलं आहेत, दारात एकाला गोळ्या लागतात, आणि कॅप्टन हॅडॉक अखंड झिंगलेला असतो. पण सगळं ॲनिमेशन आहे आणि कुत्रा शेवटपर्यंत धडधाकट राहतो. आमच्या पहिलीतलीने तो कुत्र्यासाठीच पाहिला. दुपारी तिचा खजिना झाला की रात्री ती भांडत नाही.

बिनकामाचा_बाळू:
आणि सासूबाईंना कोण समजावून सांगणार?

मिरजेचा_कॅसेटवाला:
हा बरा प्रश्न विचारलास. ‘रेडर्स’मध्ये संवाद कमी, पळापळ जास्त. ट्रकचा पाठलाग कुठल्याही भाषेत कळतो. फक्त सुरुवातीला कॉलेजमध्ये दोन सरकारी माणसं येऊन पेटीची गोष्ट ऐकतात, तेवढं कुणीतरी त्यांना मराठीत सांगा: बायबलातल्या मोझेसच्या दहा आज्ञांच्या फुटक्या पाट्या आत आहेत, आणि पेटी ज्या सैन्यापुढे असेल ते हरत नाही, म्हणून हिटलरला ती हवीय. बस, पुढे त्याच तुम्हाला सांगतील कोण वाईट आहे ते.

सासूबाईंना सगळ्यात आवडेल तो तिसरा, ‘लास्ट क्रुसेड’, १९८९ चा. तिथे बाप आणि मुलगा भांडत भांडत खजिना शोधतात. बाप झालेला शॉन कॉनरी फोर्डपेक्षा जेमतेम बारा वर्षांनी मोठा, तरी ओरडा असा देतो की मुलगा खरंच लहान वाटतो. पण त्यातही उंदीर आहेत, एक मुंडकं उडतं, आणि शेवटी एक माणूस क्षणात म्हातारा होऊन त्याचा सापळा होतो. तो दिवाळीच्या सुट्टीत, थोरल्यापुरता.

शनिवारचं म्हणाल तर सिनेमा दोन तासांना पाच मिनिटं कमी आहे. जेवणं उरकून साडेनऊला लावा, धाकटी तोवर झोपलेली असेल. मध्यांतर नाही त्यात. साप अर्ध्याच्या थोडं पुढे येतात, तेव्हा आइस्क्रीम त्याच्या आधी वाटून टाका.