मदत हवी आहे: ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्माधारकता कमी का येते?

मिश्रण पद्धतीने ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्माधारकता मोजताना पाचही वेळा उत्तर 0.74 ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअसच्या आसपास आले. अपेक्षित मूल्य सुमारे 0.90 आहे. 50 ग्रॅमचा ठोकळा दोऱ्याने बांधून दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवतो, तापमापी 98 अंश दाखवते, मग टिपकागदाने टिपून तो कॅलरीमापीतील 27 अंशांच्या 100 ग्रॅम पाण्यात सोडतो. अंतिम तापमान 32.5 अंश मिळते. ढवळणीसह 60 ग्रॅम वजनाच्या तांब्याच्या कॅलरीमापीने घेतलेली उष्णता हिशेबात धरली आहे. भोवती नमदा आणि वर लाकडी झाकणही आहे. तापमापीचे लघुतम माप अर्धा अंश असल्याने काही चूक तिथली असेल, पण मग उत्तर कधी जास्तही यायला हवे होते.

उलट गणित केल्यास ठोकळा वाटेतच 12 अंशांनी थंड झालेला असायला हवा. चार-पाच सेकंदांत एवढे अवघड वाटते. मात्र त्यावरील पाव ग्रॅम पाण्याची वाफ झाली तरी तेवढी उष्णता जाते. न टिपता सोडल्यास गरम पाणी आत जाऊन उत्तर फुगते.

वाफेवर तापवण्याचे उपकरण उपलब्ध नाही. अशा वेळी ठोकळा कोरड्या परीक्षानळीत ठेवून ती उकळत्या पाण्यात बुडवावी का, आणि तसे केल्यास ठोकळ्याचे खरे तापमान कसे ठरवावे?