कन्सोलला पंचावन्न हजार घालावेत, की आता सगळं नेटवरूनच?

कोथरूडकर_बाबा:
चिरंजीवांची दहावी झाली, प्लेस्टेशन हवंय, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, कन्सोल. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस ५ भारतात आला तेव्हा ४९,९९० ला होता, पुढे ५४,९९० झाला. म्हणजे जुना झाला तसा महाग! माझं म्हणणं असं, की हा डबाच आता जाणार. कोपऱ्यावरची व्हिडिओ कॅसेट लायब्ररी गेली, डीव्हीडी गेली. गेम कुठल्यातरी सर्व्हरवर चालेल, आपल्याकडे फक्त पडदा आणि रिमोट, ते स्ट्रीमिंग म्हणतात ना, तसं. दहा वर्षांत कन्सोल माळ्यावर. पटत नसेल तर सांगा.

पेठेतला_खवचट:
नाही पटत. ही दहा वर्षं गेली पंधरा वर्षं चालूच आहेत. अमेरिकेत नेटवरून गेम चालवणारं ऑनलाइव्ह २०१० ला सुरू झालं तेव्हाही हेच ऐकलं होतं, २०१५ ला ते बंद पडलं. मग खुद्द गूगल उतरलं. त्यांचं तसलंच स्टेडिया नोव्हेंबर २०१९ ला आलं आणि १८ जानेवारी २०२३ ला दिवा विझला. गेमचे पैसे परत दिले, कबूल. पण ते गूगल होतं म्हणून. उद्या एखादी फुटकळ कंपनी बुडाली तर कोण देणार परत? तुमचा डबा माळ्यावर का होईना, असेल तरी!

हिंजवडी_नाइटशिफ्ट:
खवचट, धंदा बुडाला म्हणजे तंत्र चुकीचं असं नाही. नेटवर्किंगमध्ये पोट भरतो म्हणून थोडं सांगतो. सिनेमा अडखळत नाही कारण पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. गेममध्ये पुढचा क्षण घडलेलाच नसतो, तुम्ही बटण दाबल्यावर घडतो. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. आता लोक म्हणतात सर्व्हर लांब. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर धरा, फायबरमधून प्रकाश दीड मिलिसेकंदात जाऊन परत येतो. अंतर हा मुद्दाच नाही! वेळ खातं ते चित्र दाबून लहान करून पाठवणं, इकडे उलगडणं, तुमचा टीव्ही आणि सगळ्यात जास्त घरातलं वायफाय. राउटर हॉलमध्ये, मुलगा आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि एक गोदरेजचं कपाट. मग शिव्या स्ट्रीमिंगला.

धनकवडीचा_ओपनर:
कपाट वगैरे ठीक आहे, पण खेळून बघा. मित्राकडे शनिवारी रात्री क्रिकेट लावलं होतं, स्ट्रीमिंगवर. पहिली ओव्हर झकास. मग बहुतेक अख्खी सोसायटी नेटवर आली. यॉर्कर पडला, मी बटण वेळेवर दाबलं, देवाशपथ. बॅट खाली आली तेव्हा मधला स्टंप पडलेला आणि कीपर नाचत होता. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गल्लीत रस्ता खोदला, केबल तुटली, तीन दिवस नेट नाही. त्या तीन दिवसांत माझा जुना पीएस ४ त्याच्या घरी मुक्कामाला होता.

कोथरूडकर_बाबा:
खोदाईला उपाय नाही, पुण्यात राहतो आपण. पण तुमचा कन्सोल तरी नेटशिवाय कुठे धड चालतो? डिस्क घाला, तरी आधी भलामोठा अपडेट उतरवा.

मेस_ते_होस्टेल:
काका, सगळ्यांकडे फायबर आहे असं धरून चाललाय. स्टेडिया फोर-केसाठी (एकदम स्पष्ट चित्रासाठी) ३५ एमबीपीएस मागायचं. तेवढ्या वेगाने तासाला जवळपास १६ जीबी. माझ्या मोबाईलला दिवसाला २ जीबी, म्हणजे साडेसात मिनिटं. तेवढ्यात माझा गेमचा मेन्यूच संपत नाही.

पर्वती_पायथा:
बाबा आणि खवचट, तुम्ही दोघंही चुकीच्या प्रेतावर रडताय. डबा नाही मेला, डिस्क मरतेय. नोव्हेंबर २०२४ चा पीएस ५ प्रो डिस्क ड्राइव्हशिवायच आला, ड्राइव्ह हवा तर वेगळा घ्या. मी आजवर गेम घ्यायचो, संपवायचो, विकायचो, त्यात थोडी भर घालून पुढचा. भावाला द्यायचो. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. मग तो तुमच्या घरातल्या डब्यात चालतो की मुंबईतल्या सर्व्हरवर, माझ्या खिशाला काय फरक पडतो? म्हणून मी म्हणतो, डबा राहील. ज्यांना दर मिलिसेकंद मोजायचाय त्यांच्यासाठी राहील. आपली मालकी मात्र आधीच गेली, आणि त्यावर एवढा मोठा धागा कुणी काढला नाही.

पेठेतला_खवचट:
पर्वती, हे मान्य. (लिहून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही.)

कोथरूडकर_बाबा:
ठरलं. राउटरपासून वायर ओढतो, स्ट्रीमिंगची एक महिन्याची वर्गणी घेतो, मुलालाच ठरवू दे. कन्सोल जाणार हे माझं मत मात्र कायम.

हिंजवडी_नाइटशिफ्ट:
वायर तापकीर गल्लीतून घ्या, टोकं लावूनच मागा. आणि पंधरा मीटर सांगा. भिंतीच्या कडेकडेने न्यायला दहा पुरत नाही.