मदत हवी आहे: १०×५० बायनॉक्युलरमधून मला गुरू दोन दिसतायत आणि आण्णांना काहीच नीट दिसत नाही

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच प्रश्न टाकतोय. जरा लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं काय चुकतंय ते तुम्हालाही कळणार नाही.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या आत. मी चाकणला नोकरी करतो, शनिवार-रविवार गावी असतो. लहानपणी रात्रपाळीची लाईट असली की गव्हाला पाणी धरायला आण्णांबरोबर जायचो, तेव्हा ते बांधावर उभं राहून तिकांडं (मृगातले ओळीतले तीन तारे) कुठवर आलंय बघायचे आणि किती वाजले ते सांगायचे, आणि घरी येऊन घड्याळ बघितलं की पंधरा-वीस मिनिटांचाच फरक निघायचा. नक्षत्रं सगळी तोंडपाठ, पण आयुष्यात कधी दुर्बिणीतून काही बघितलेलं नाही. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या रस्त्यावरून जाताना रोज बघायचे, त्यातून डोळ्यांनी बघता येत नाही, त्या रेडिओच्या आहेत असं मी सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटलेलं मला आठवतंय. आता ७३ वर्षांचे आहेत, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं राहिलंय. म्हणून ठरवलं की यंदा त्यांना गुरूचे चंद्र दाखवायचेच. १० जानेवारी २०२६ला गुरूची प्रतियुती आहे (म्हणजे तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो), पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ इतका झळकतोय की शोधावा लागत नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यातल्या एका दुकानातून १०×५० (१० पट मोठं दाखवणारा, पुढची काच ५० मिलिमीटरची) घेतला, साडेपाच हजारांना. दुकानात दिवसा समोरच्या इमारतीवर बघितलं तर छान दिसत होतं. रानात रात्री बसायची सोय नाही, उसात बिबट्या असतो, त्यामुळे स्लॅबवरूनच बघतो. गावातल्या खांबावरचा एलईडी दिवा पूर्वेला आहे, त्याच्या आड पाण्याची टाकी येईल असं बसतो.

आत्तापर्यंत काय काय झालं ते सांगतो.

२० डिसेंबरच्या शनिवारी, नुकतीच अमावस्या झालेली, तेव्हा कृत्तिका बघितल्या आणि अक्षरशः अंगावर काटा आला. नुसत्या डोळ्यांनी सहा दिसतात तिथे किती होत्या मोजताच येईना. मृगातला तेजोमेघ, म्हणजे तिकांड्याच्या खाली जी तलवार आहे तिच्या मधोमध, तिथे धूर साठल्यासारखं काहीतरी होतं. पुढच्या शनिवारी अष्टमीच्या सुमाराचा चंद्र बघितला, उजेड-अंधाराच्या रेषेवरची विवरं अशी उठून दिसत होती की मी अर्धा तास हललो नाही. देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) मात्र काही केल्या सापडली नाही. एक फिकट लांबट डाग दिसला, तो काचेवरचा असेल म्हणून रुमालाने पुसून परत बघितलं तरी तो तिथेच.

आता मूळ अडचण. गुरू मला दोन दिसतायत. एकाच्या थोडा वर दुसरा. डोळ्यांवर जोर दिला की क्षणभर एक होतात आणि परत सुटतात. दहा मिनिटांत भुवयांच्या मध्ये ठणकायला लागतं, एकदा तर मळमळलं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, नवीन माणसाला असं होतं, सवय होईल. आण्णांना दिलं तर ते म्हणाले, नुसता भुरका उजेड दिसतोय रे, आणि दोन मिनिटांत परत दिलं. वर मलाच समजावत होते की माझ्या डोळ्याचं आता काय, तू बघ. ते मला फार लागलं.

एक गोष्ट लपवत नाही. दुकानातून आणला त्याच दिवशी एसटीत बॅग वरच्या रॅकवर ठेवली होती आणि एका गतिरोधकावर ती खाली पडली. बायनॉक्युलर केसमध्ये होता, बाहेरून एक ओरखडासुद्धा नाही. त्यामुळे काही झालं असेल का? आणि आमचे दोघांचे डोळे खराब आहेत की बायनॉक्युलर? हात थरथरतात त्यावर काही उपाय? आणि यातून शनीची कडी दिसतील का? कृपया सांगा, आण्णांना यंदाच दाखवायचं आहे.

प्रतिसाद १

दादा, तुम्ही रॅकचं लिहिलं ते बरं केलं, सगळं उत्तर तिथेच आहे. बायनॉक्युलर म्हणजे दोन वेगळ्या दुर्बिणी असतात आणि दोन्ही अगदी एकाच दिशेला रोखलेल्या असाव्या लागतात. आत प्रिझम (प्रकाश वळवणारे काचेचे ठोकळे) असतात, धक्क्याने एखादा केसभर सरकला तरी दोन नळ्या दोन ठिकाणी बघायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. आडवा फरक डोळे थोडाफार सांभाळून घेतात, पण वर-खाली फरक त्यांना फारसा सांभाळता येत नाही, म्हणूनच डोकं ठणकतं. याची सवय होत नसते आणि तसल्या बायनॉक्युलरमधून जबरदस्तीने बघत बसूही नका.

खात्री करायची तर आधी एक डोळा मिटून बघा, मग दुसरा. दोन्ही वेळा गुरू एकच दिसला आणि दोन्ही उघडल्यावरच दोन झाले, तर दोष जुळणीचा. दुसरी परीक्षा, एखादा ठळक तारा घ्या, डावीकडे नीट फोकस करा आणि उजव्या आयपीसची (डोळ्याकडच्या काचेची) रिंग मुद्दाम फिरवून तिथे ताऱ्याची फुगलेली चकती करा. आता दोन्ही डोळ्यांनी बघा. बारीक तारा त्या चकतीच्या आत बसला तर ठीक, बाहेर पडला तर प्रिझम सरकलाय.

रबराखाली बारीक स्क्रू असतात, त्यांनी प्रिझम हलवता येतो. व्हिडिओ बघून तुम्ही ते करू नका एवढंच हात जोडून सांगतो, मी एक चांगला बायनॉक्युलर असाच घालवलाय. दुकानदाराला पडल्याचं खरं सांगून, दुरुस्ती करणाऱ्याकडे पाठवा म्हणा.

शनीची कडी १० पटीत वेगळी दिसत नाहीत, निदान २५-३० पट लागते. त्यात मार्च २०२५ मध्ये कडी आपल्याला बरोबर काठावरून दिसत होती, २०२६च्या सुरुवातीलाही ती फारशी उघडलेली नाहीत, त्यामुळे यंदा टेलिस्कोपमधूनही बारीक रेघच दिसते. त्याचा नाद सध्या सोडा.

प्रतिसाद २

आण्णांचा प्रश्न वेगळा आहे हो, तो या दोन दिसण्याशी जोडू नका. माझ्या आईचंही असंच, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि एकाचं राहिलेलं. तुम्ही फोकस तुमच्या डोळ्यांना केलात आणि तसाच त्यांच्या हातात दिलात ना? त्यांच्या दोन डोळ्यांचे नंबर आता वेगळे असणार. मोतीबिंदूचा डोळा फोकस करूनही धूसरच राहणार. म्हणून त्यांच्यासाठी डावीकडचं झाकण लावूनच ठेवा, फक्त उजव्या, ऑपरेशन झालेल्या डोळ्याने बघू द्या, आणि चाक त्यांनाच फिरवू द्या, अगदी सावकाश. आधी लांबच्या दिव्यावर सराव करून घ्या. लांबचा चष्मा असेल तर काढून बघायला सांगा, नुसता नंबर असेल तर फोकसने निघतो. सिलिंडर नंबर (फोकसने न निघणारा) असेल तर चष्मा ठेवा आणि आयपीसचे रबरी कप मागे दुमडा. एका डोळ्याने बघायचं तर प्रिझम सरकलेला असला तरी अडत नाही, म्हणजे दुरुस्तीची वाट न बघता आजसुद्धा दाखवता येईल.

वयाचं मनात आणू नका. ५० भागिले १० म्हणजे ५ मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो, वयस्कर माणसाची बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते, फुकट फारसं जात नाही.

आणि तो रुमाल! काच कोरड्या कापडाने घासू नका, आधी धूळ फुंकणीने उडवा. आमच्याकडे चिपळूणला पावसाळ्यात काचेला बुरशी धरते, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, तुम्हीही सवय लावून घ्या.

प्रतिसाद ३

तो डाग म्हणजेच देवयानी! तुम्ही पुसत होतात ती २५ लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका होती. फोटोत दिसते तसे सर्पिल हात कुठल्याच बायनॉक्युलरमधून दिसत नाहीत, फिकट लांबट डागच दिसतो. सध्या तिन्हीसांज सरली की उत्तर-वायव्येला उंचावर बघा, शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एम ओळखून तिथून भाद्रपदाच्या चौकोनाकडे या. थेट रोखून न बघता नजर किंचित बाजूला ठेवली की जास्त उठून दिसते.

थरथरण्यावर उपाय म्हणजे बाज. स्लॅबवर बाज टाका, पाठीवर झोपा, कोपरं छातीला टेकवा. ट्रायपॉड असेल तर पुढच्या बिजागरीवरचं टोपण फिरवून काढा, बऱ्याच १०×५० मध्ये खाली पाव इंची स्क्रूचे आटे असतात, तिथे एल आकाराची पट्टी बसते. पण वेळ नीट निवडा. गुरू मध्यरात्रीच्या सुमारास आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा ट्रायपॉडवर मान मोडते. साडेआठ-नऊला तो पूर्वेला चाळीसेक अंशांवर असतो, खुर्चीत बसून बघायला तीच वेळ चांगली. बघायच्या आधी वीस मिनिटं मोबाईल बंद, टॉर्चला लाल जिलेटीन पेपर.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, उशीर झाला लिहायला.

ताऱ्याची परीक्षा केली. तारा चकतीच्या चांगलाच बाहेर, वरच्या बाजूला. एकेका डोळ्याने बघितलं तर गुरू एकच. दुकानदाराला रॅकचं खरं सांगितलं, त्याने कुरकुर न करता दुरुस्तीला पाठवला, आठशे रुपये घेतले आणि नऊ दिवसांनी परत आला. आता एकच गुरू दिसतो आणि डोकं दुखत नाही.

पण पाठवायच्या आधीच प्रतिसाद २ मधल्या ताईंनी सांगितलं तसं डावीकडचं झाकण लावून आण्णांना बसवलं होतं. गच्चीच्या कठड्यावर उशी ठेवली, त्यावर बायनॉक्युलर टेकवला. चाक ते स्वतः फिरवत होते, एकदा पुढे एकदा मागे, मी गप्प. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, बाजूला बारीक बारीक मोती हायेत का रे, एका दोरीत ओवल्यावानी? मी विचारलं किती, तर म्हणाले तीन, का चार, एक लई जवळ हाय त्याच्या. मी घेऊन बघितलं तर तीन सरळ दिसत होते आणि चौथा गुरूच्या चकाकीला चिकटलेला, जो मला त्यांनी सांगितल्यावरच दिसला. १६१० साली गॅलिलिओने हेच बघितलं होतं हे सांगितलं तर म्हणाले, म्हणजे आपल्या शिवाजीराजांच्या जन्माच्या आधी. मग मृग मागितला, मग कृत्तिका. कृत्तिकांवर आल्यावर म्हणाले, आम्ही सहा म्हणायचो, हितं तर मूठभर ज्वारी फेकल्यात. थंडी वाजायला लागली तरी आत यायला तयार नव्हते, आईने घोंगडी आणून दिली.

आता डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख स्वतःहून विचारायला लागलेत, इतके दिवस टाळत होते.

एकच राहिलं. माझ्या बायनॉक्युलरला पुढे टोपण आहे पण ते हाताने फिरत नाही. पकडीने फिरवू का, की परत प्रिझम हलेल? कुणी केलं असेल तर सांगा, एप्रिलमध्ये दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहातला मोठा तारकागुच्छ त्यांना दाखवायचाय, तो क्षितिजापासून फार वर येत नाही, तेव्हा स्टँड लागेलच.