दोनच मधपेट्या, तरी नोंदणी हवी?

प्रश्न: पेट्या घरामागे आहेत. नोंदणीचा उपद्व्याप कशाला? बरं, एका चौकटीत अळ्यांच्या घरांची झाकणं खचलीयत, भोकं पडलीयत. वासही मारतोय.

उत्तर: नोंदणीचं नंतर बघू. काडेपेटीची काडी त्या घरात फिरवून हळूच ओढा. तपकिरी, चिकट तार निघाली तर अमेरिकन फाउलब्रूडची, म्हणजे अळ्या कुजवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाची, दाट शंका. चौकट दुसऱ्या पेटीत अजिबात नको, या जिवाणूचे बीजाणू (सुप्त, चिवट रूप) ४० वर्षंही टिकतात.

प्रश्नकर्ता: निघाली हो, पेरभर!

उत्तर: मग आजच अधिकाऱ्यांना कळवा, नमुना तपासायला द्या. शेजारच्या माश्या दुबळ्या पेटीतला मध लुटतात नि रोग घरी नेतात. नोंदणी नसली, पेट्या कुठे आहेत हेच अधिकाऱ्यांना ठाऊक नसेल, तर ते सावध कुणाला करणार?

दुसरं उत्तर: आणि मनानेच प्रतिजैविक देऊ नका. बीजाणू मरत नाहीत, लक्षणं तेवढी दडतात.