परमार्थ निवृत्तीनंतरच करायचा का?

बोरीकाठ (अमळनेर):
आपल्याकडे एक पालुपद घरोघरी आहे: मुलांची शिक्षणं होऊ द्या, घर बांधून होऊ द्या, मग निवांत देवाधर्माचं बघू. माझं स्पष्ट मत आहे की असा पुढे ढकललेला परमार्थ बहुतेकांच्या हातून घडतच नाही. घर झालं की प्लॉट, प्लॉट झाला की नातवाची फी. अमळनेरकरांनी तरी हे बोलू नये. इथे १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. त्याच गावात प्रताप शेठजींनी कापडगिरणी चालवली आणि ती चालू असतानाच १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. म्हणजे दोन्ही एकाच वेळी जमतं. पहाटे अर्धा तास हरिपाठ करा आणि ‘एवढी कमाई पुरे’ हा आकडा आजच ठरवा.

मृगबाग (रावेर):
दादा, शेठजींचं माप आम्हाला लावू नका. मुक्ताईची पालखी ज्येष्ठात मुक्ताईनगरहून निघते, पंढरपूर गाठायला महिना लागतो. तोच आमचा केळीचा मृगबाग लावायचा हंगाम. टिश्यू कल्चरची रोपं बांधावर उतरलेली असतात, ठिबकची नळी तुंबली की दोन दिवसांत ओळच्या ओळ माना टाकते. त्यात मान्सूनच्या तोंडावरचं वादळ घडासकट बाग आडवी करून जातं आणि सोसायटीचं कर्ज तसंच राहतं. ‘पुरे’ म्हणायला आधी हातात काही पडावं लागतं. माझे वडील कर्ज फिटेपर्यंत वारीला गेले नाहीत. त्यांचा परमार्थ उणा होता असं मला कुणी सांगू नये.

बोरीकाठ:
भाऊ, वडिलांना नमस्कार. ते तर माझ्याच बाजूचे झाले. सावता माळ्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला. वारी केलीच पाहिजे असं मी म्हटलेलं नाही, ‘नंतर बघू’ला माझा विरोध आहे.

पायी वारकरी (भुसावळ):
दोघंही सोयीचं बोलताय. अर्धा तास हरिपाठाने मन निवतं, पण तेवढ्याने ज्ञान होत नाही. आपण जिचं नाव घेतो ती मुक्ताई संसारात पडलीच नाही. ज्याला खरोखर आत्मज्ञान हवं, त्याला काहीतरी सोडावंच लागतं. कमाईचा आकडा आधी शाबूत ठेवून साधना करणाऱ्याचं अर्धं लक्ष त्या आकड्यातच राहणार. मी हे दिंडीत चालताना पाहिलंय, विसाव्याला टेकले की लोक पहिल्यांदा केळीचा भाव विचारतात.

चोपड्याची सून:
सोडावं लागतं हे कबूल. पण काका, सोडून जायची मुभा कुणाला? सासरे महिनाभर दिंडीत आणि मालक बाजारात. दोन म्हशींची धार, मजुरांची न्याहारी, रात्री लाईट आली की मोटर चालू करायला मळ्यात जाणं, सगळं माझ्याकडे. त्यांची वारी माझ्या कामावर होते, हे घरात कुणी बोलून दाखवत नाही. मलाही पहाटेचा अर्धा तास हवाय. तो मिळायचा तर मोटर लावायला दुसऱ्या कुणीतरी उठलं पाहिजे.

पायी वारकरी:
ताई, मग एक आषाढी तुम्ही चाला, सासऱ्यांना मळ्यावर ठेवा. सोडणं त्यांनाही शिकायला मिळेल, मी तर म्हणेन वारीपेक्षा जास्त.

मृगबाग:
काका, याला माझी हरकत नाही. पण चालायला निघण्याआधी ठिबकचे फिल्टर कसे धुवायचे ते सासऱ्यांना दाखवून ठेवा, ताई.